आवडत्या सिनेमातलं मढं

ज्या सिनेमावर मी एकोणीस वर्षं जीव टाकला, त्यातलं प्रेत म्हणजे माझे वडील, हे मला गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी कळलं. तेही माझं मला कळलं नाही, आईनं ओळखलं. मी त्या प्रेताला इतकी वर्षं नुसती हसत आले होते.

सिनेमा कुणाच्या लक्षात राहावा असा नाही. थिएटरात आठवडाभरही टिकला नसेल. मी कॉलेजात होते तेव्हा रत्नागिरीत लागला होता. हॉस्टेलच्या आम्ही सहाजणी गेलो, मध्यंतरात चौघी उठून परत गेल्या, उरलेल्या दोघींपैकी एक झोपली. मी एकटी इतकी हसले की पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिलं. नंतर मी त्याची सीडी मिळवली, सीडी झिजल्यावर तो कुठून कुठून फोनवर उतरवून घेतला. लग्न ठरताना मुलाला हा सिनेमा दाखवला होता. तो योग्य ठिकाणी हसला, म्हणून मी हो म्हटलं. लोक पत्रिका बघतात, मी हे बघितलं.

गोष्ट सांगते. मुंबईचा एक मारेकरी सुपारी घेऊन कोकणातल्या एका गावात येतो. मारायचं आहे एका म्हाताऱ्या जमीनदाराला, आणि सुपारी दिली आहे त्याच्याच पुतण्यानं. मारेकरी एसटीतून उतरतो तोच म्हातारा त्याला जमीन मोजायला आलेला सरकारी माणूस समजून घरी नेतो आणि पाटावर बसवतो. पुढचा दीड तास हा माणूस म्हाताऱ्याला मारायचा प्रयत्न करतोय. खाऱ्या हवेनं पिस्तूल गंजतं, तर तो त्याला खोबरेल तेल चोळत बसतो. गोळी घालायला म्हणून उठतो, तर म्हाताऱ्याला परसाकडे जायचं असतं आणि बॅटरी धरायला तो ह्यालाच हाक मारतो. माशाचा काटा ह्याच्या घशात अडकतो, तेव्हा पाठीत धपाटे घालून ह्याला वाचवतो तो म्हाताराच. शेवटी एका सकाळी म्हातारा आपला आपण मरतो. पुतण्या घाबरून पळतो, आणि अंत्ययात्रेत मडकं घेऊन पुढे चालायला मारेकऱ्यालाच उभं करतात.

ह्यात कुणी वेडीवाकडी तोंडं करत नाही, कुणी धडपडत नाही. पडद्यावर कुणाला हसू येत नाही, म्हणून मला येतं. त्यातही माझ्या दोन जागा ठरलेल्या. एक म्हणजे तिरडी. कॅमेरा पायांच्या बाजूला आहे, तळवे मोठे दिसतात, मागे गुलालानं माखलेला मिशाळ चेहरा, आणि चालता चालता प्रेताच्या पायाचं एक बोट हलतं. स्पष्ट हलतं. ही चूक आहे हे उघडच होतं, पण ती काढून न टाकणाऱ्या माणसाचं मला फार कौतुक होतं. तेवढाच तुकडा कापून मी मैत्रिणींच्या ग्रुपवर पाठवला होता. दुसरी जागा शेवटची. मारेकरी समुद्राच्या कडेला उभा राहून मुंबईला फोन करतो की काम झालं, आणि त्याच्या मागे चार खांदेकरी कपड्यांसकट पाण्यात शिरून घसाघसा अंघोळ करतायत. तो काय बोलतो तिकडे लक्षच जात नाही, इतके ते चौघं मन लावून अंग धुतात. त्या चौघांना अभिनय येत नव्हता म्हणूनच तो शॉट इतका खरा झालाय, असं मी ऐकवायची. कुणी ऐकत नसलं तरी ऐकवायची.

आता बाबांचं. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांची सगळी नोकरी गुहागर, चिपळूण ह्या बाजूला झाली. आई अलोऱ्याजवळच्या आमच्या वाडीत शेती बघायची, बाबा शाळेच्या गावी खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. माझ्या आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि त्याच वर्षी गावची मेलेली गुरं ओढणं सोडलं. त्यांचा मुलगा पुढे एवढा कडक निघाला की आमच्या घरात शकुन, अपशकुन, उतारा, अंगारा हे शब्द फक्त टिंगलीला असत. तिठ्यावर कुणी उतरवून टाकलेलं लिंबू बाबा वर्गात आणायचे, मुलांसमोर चिरायचे आणि त्याचं सरबत पिऊन दाखवायचे. मुलांच्या आयांनी त्याबद्दल तक्रारसुद्धा केली होती.

गेल्या वर्षी ह्याच बाबांच्या छातीत दुखलं. आम्ही त्यांना आणि आईला रत्नागिरीला आमच्याकडे घेऊन आलो. तपासण्या झाल्या, तीन रक्तवाहिन्या बंद निघाल्या, डॉक्टरांनी बायपास सांगितली. कोल्हापूरला करावी लागेल आणि लांबवू नका, असं दोनदा बजावलं. आम्ही कोल्हापूरच्या डॉक्टरांनाही दाखवून आलो. बाबांनी नाही म्हटलं. का, ते सांगेनात. मी समजावलं, भांडले, एकदा तर भांडं आपटलं. आईनं जेवण सोडून बघितलं, तर ते म्हणाले, तूही आजारी पडलीस तर मला औषध कोण देणार. ह्या माणसानं आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं आणि आता डॉक्टरला नाही म्हणतो, ह्याचा मला संताप यायचा. चार महिने असे गेले. जिना चढताना ते मध्ये थांबायचे आणि आपण बाहेर बघायला थांबलोय असं दाखवायचे. आमच्या जिन्यातून शेजारच्या बिल्डिंगची भिंत दिसते.

मग मी ठरवलं की माणसाला आधी हसवावं, मऊ करावं आणि मग विषय काढावा. हसवायचं म्हणजे माझ्याकडे दुसरं होतं काय? आईनं विचारलं, काळजाच्या दुखण्याच्या माणसाला मुडद्याचा सिनेमा दाखवणार? तिचं बरोबर होतं, मी ऐकलं नाही. खरं तर बाबांनी हा सिनेमा कधी पाहिलाच नव्हता. मी लावला की ते उठून बाहेर जायचे. त्यांना असले थिल्लर प्रकार आवडत नाहीत, असं मी धरून चालले होते. त्या रविवारी मात्र ते म्हणाले, लाव, बघून टाकतो एकदाचा. हे 'एकदाचा' मला बरं वाटलं नाही, पण मी लावला.

बाबा खुर्चीत, पाय स्टुलावर, पायांवर चादर. आई खाली बसून सुकट निवडत होती आणि मध्येच मान वर करून, हा कोण, तो कोण, विचारत होती. पिस्तुलाला तेल लावण्याच्या जागी बाबा हसले नाहीत. काट्याच्या जागीही नाहीत. म्हातारा मेला तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला. मी आपली बाजूला बसून पुढचं येणार म्हणून आधीच हसायला लागले होते.

तिरडी आली. पाय आले. आईचा सुपातला हात थांबला.

"ह्ये पाय तुमचं हायत," ती म्हणाली.

मला वाटलं तिला पुन्हा कळलं नाही. हा सिनेमा आहे, तो नट आहे, असं मी सांगायला लागले. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुकटीच्या हातांनी तशीच उठली, स्टुलावरची चादर वर केली आणि बाबांचा उजवा पाय दोन्ही हातांत घट्ट धरला. धरूनच ठेवला. दुखणं सुरू झाल्यापासून ती रोज त्या पायांना तेल चोळत होती. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं, लहानपणी दगड पडून वाकडं झालेलं. मी टीव्ही थांबवला. पडद्यावर तेच बोट होतं. तेच, तसंच चढलेलं, जे थांबवून, मोठं करून मी लोकांना दाखवलं होतं.

 त्या क्षणी एवढंच कळत होतं की पडद्यावर बाबा मेलेले आहेत, खुर्चीत बाबा बसले आहेत, आणि आई त्यांचा पाय गरम आहे की नाही ते बघतेय. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी चष्मा लावला आणि कबूल केलं की हो, ते आपणच.

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही, मध्ये मध्ये दम घेत. मी तेव्हा हॉस्टेलला होते. बाबा समुद्राकाठच्या एका गावात शिकवत होते, अकरा वर्षं झाली होती तिथे. दिवाळीच्या सुट्टीत सिनेमावाले आले आणि त्यांनी सामान शाळेत ठेवलं. म्हाताऱ्याचं काम करणारा नट जुन्या वळणाचा होता. जिवंतपणी तिरडीवर झोपणार नाही म्हणून तो अडून बसला. त्याच्या बांध्याचा दुसरा माणूस हवा होता. चेहऱ्याला गुलाल फासायचा होता, मिशी चिकटवायची होती, त्यामुळे कुणीही चाललं असतं. पण गावातलं कुणी तयार होईना. मग कुणीतरी सुचवलं, गुरुजींना विचारा, त्यांच्यात हे असलं काही मानत नाहीत.

बाबांना ते आवडलं. आपण ज्याच्यासाठी लिंबाची सरबतं प्यायलो, ते आता सगळ्या गावासमोर करून दाखवता येईल, असं त्यांना वाटलं. सुट्टी असूनही शाळेतली पोरं शूटिंग बघायला येणार होती. त्यांनी होकार दिला आणि घरी कळवलं की मतदार यादीचं काम निघालंय, चार दिवस उशिरा येतो. माझ्या बाबांनी, ज्यांनी मला एका खोट्या वाक्यासाठी दिवसभर अंगणात उभं केलं होतं, घरी खोटं कळवलं. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. आई म्हणाली, त्या दिवाळीत ती एकटी भात झोडत होती. एवढंच म्हणाली, पण पाय सोडला नाही.

खांदा द्यायला गावातले चार मानकरी घेतले होते. त्यांची मुलं बाबांच्या वर्गात होती. रस्त्यात भेटले की ते नमस्कार करत, गुरुजी, गुरुजी म्हणत, आणि अकरा वर्षांत त्यांच्यापैकी एकानंही बाबांना अंगणाच्या आत बोलावलं नव्हतं. त्यांनी बाबांना खांद्यावर घेतलं. एकदा नाही, सात वेळा, कारण दरवेळी काही ना काही चुकत होतं.

"ज्यांच्या ओटीवर मी कधी चढलो नाही, त्यांच्या खांद्यावरनं गावभर फिरलो," बाबा म्हणाले. "मला हसू आवरेना. तोंड हलवता येत नव्हतं, म्हणून बोट हाललं."

मी हसले. आईही जराशी हसली. मला वाटलं, गोष्ट एवढीच आहे आणि चांगली आहे, मग ही इतकी वर्षं लपवली कशाला? तसं मी विचारलंही. बाबा टीव्हीकडे बघत राहिले आणि म्हणाले, पुढचं लाव.

मी लावलं. समुद्र आला. मारेकरी फोन करायला लागला. मागे चौघं पाण्यात शिरले आणि अंग चोळायला लागले. मी हा शॉट कितीदा पाहिला असेल, देव जाणे, पण बाबांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. पाहून झाल्यावर ते म्हणाले, हे सिनेमात घेतलंय हे मला माहीत नव्हतं.

झालं होतं ते असं. दिग्दर्शकाला खोटं काही चालत नव्हतं, म्हणून बाबांना तिरडीला खरोखरचं सुंभ गुंडाळून बांधलं होतं, हात चादरीच्या आत. सातव्या वेळी सगळं नीट झालं. त्यांना पुळणीवर, किनाऱ्यावरच्या वाळूत, उतरवून ठेवलं आणि कॅमेरा समुद्राकडे वळला. सगळी माणसं तिकडे गेली. बाबांना कुणी सोडलंच नाही. सिनेमावाल्यांना वाटलं गावातलं कुणी सोडेल, आणि गावातलं कुणी जवळ येईना. पोरं सुरूच्या झाडांत उभी राहून बघत होती, त्यांच्या आया त्यांना धरून होत्या. बाबांना हाक मारायची नव्हती. गुरुजींनी पोरांसमोर तिरडीवरून ओरडायचं कसं? ऊन तोंडावर होतं. मान वळवली की समुद्र दिसत होता, आणि त्यांना खांदा दिलेले ते चौघं त्यांच्याच बाजूनं चालत थेट पाण्यात गेले आणि डोक्यापासून पायापर्यंत अंघोळ करायला लागले. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. दिग्दर्शकाला ते आवडलं असणार, म्हणून त्यानं ठेवलं.

म्हणजे मी एकोणीस वर्षं तो समुद्र जिथून बघत होते, तिथेच बाबा बांधलेले पडले होते.  काही बोलायचं म्हणून मी म्हणाले, बाबा, तिरडीला खांदा दिला की लोक अंघोळ करतातच, ती रीतच आहे.

"मढं उचललं म्हणून धुतलं, का मला उचललं म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही," बाबा म्हणाले. "मी जिवंत आहे हे तर त्यांना ठाऊक होतं."

त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. त्या गावात त्यांनी पुढे चार वर्षं शिकवलं. ते चौघं भेटत, नमस्कार करत. बाबाही करत. सरबताचा प्रयोग मात्र त्यांनी त्यानंतर केला नाही.

आईनं विचारलं की मग सोडलं कुणी. बाबांनी टीव्हीकडे बोट केलं. तो, मारेकरी. आपला शॉट झाल्यावर तो चहाचा कप घेऊन आला, ह्यांना तसंच पडलेलं पाहून सगळ्यांना शिव्या देत खाली बसला आणि एकेक गाठ सोडली. गाठी कडक होत्या, नखांनी सोडवाव्या लागल्या. मग आपला अर्धा चहा ह्यांना दिला. आईनं पडद्यावरच्या त्या माणसाकडे नीट बघितलं. सिनेमा सुरू झाल्यापासून ती त्याला मेल्या, मुडद्या म्हणत होती. आता म्हणाली, मानूस बरा दिसतो.

आणि मग बाबांनी, कुणी न विचारता, चार महिने जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावलं होतं, तेव्हा मी बाहेर फोनवर ऑफिसच्या कुठल्याशा फायलीबद्दल बोलत होते. डॉक्टर म्हणाले होते की शुद्धीवर याल तेव्हा घशात नळी असेल, बोलता येणार नाही, आणि नळी ओढू नये म्हणून हात बांधलेले असतील. घाबरू नका. डॉक्टरांनी चांगल्या मनानं सांगितलं होतं. बाबांनी तिथेच ठरवलं की नाही.

"मरायची भीती नाही गं मला," ते म्हणाले. "बांधून ठेवतील आणि कुणी येणार नाही."

मला रडू फुटलं. हट्टी म्हातारा, विज्ञान विसरलेला म्हातारा, काय काय म्हटलं होतं मी त्यांना. आई रडली नाही. तिनं पाय खाली ठेवला, चादर सारखी केली आणि म्हणाली, "ह्या टायमाला मी सोडीन." बाबांनी तिला सांगायचा प्रयत्न केला की अतिदक्षता विभागात बायकोला थांबू देत नाहीत. ती म्हणाली, बघू कोण देत नाय ते, आणि पुन्हा सुकट निवडायला बसली.

पंधरा दिवसांनी कोल्हापूरला ऑपरेशन झालं. आईनं आदल्या दिवशीच तिथल्या मुख्य नर्सला गाठून सगळं सांगितलं होतं, तिरडीपासून. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण ती बाई बराच वेळ आईचा हात धरून उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची नळी काढली तेव्हा तिनं एकट्या आईला आत घेतलं. मी काचेतून बघत होते. आईला आत जाण्याआधी हात धुवायला लावले, वरून हिरवा झगा घातला. तो तिला पायघोळ झाला. बाबांची दोन्ही मनगटं पांढऱ्या पट्ट्यांनी पलंगाच्या दांड्यांना बांधलेली होती. आईनं आधी उजवी सोडली, मग फिरून पलीकडे गेली आणि डावी सोडली. वेळ लागला. नर्स थांबून राहिली, मदतीला गेली नाही. मग आईनं बाबांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. ती काय म्हणाली, ते काय म्हणाले, की काहीच म्हणाले नाहीत, मला माहीत नाही.

बाहेर येताना दाराशी औषधाची बाटली लावलेली असते. रुग्णाला हात लावून आलेल्या प्रत्येकानं हात धुवायचे असा तिथला नियम आहे, आणि तो चांगलाच नियम आहे. मी स्वतः त्या चार दिवसांत शंभर वेळा धुतले असतील. नर्सनं आईला बाटली दाखवली. आईनं मागे वळून बघितलं. बाबा उशीवरून मान वळवून दाराकडेच बघत होते.

"मी न्हाय धुनार," आई म्हणाली.

नर्सनं पुन्हा सांगितलं, समजावून, तिला 'आई' अशी हाक मारून. आईनं दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि तशीच बाहेर येऊन माझ्याजवळच्या बाकड्यावर बसली.